गाण्याची चाल, पायांची चाल

(द्वितीय वर्ष, कला)

मराठीत काही शब्द असे आहेत की ते प्रथम ज्या कुणी योजले त्याच्या निरीक्षणाचे कौतुक वाटावे. 'चाल' हा त्यांपैकी एक. गाण्याला चाल असते आणि माणसालाही चाल असते. कवितेच्या ओळीला आपण 'चरण' म्हणतो, रचनेला 'पद' म्हणतो आणि हे दोन्ही शब्द पायाचे आहेत. गाणे आणि चालणे यांचे नाते आपल्या पूर्वजांनी असे भाषेतच नोंदवून ठेवले आहे. ते नाते प्रत्यक्षात कसे चालते, संगीताच्या लयीने चालण्याचा वेग आणि व्यायामाचा जोर कसा ठरवता येतो, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे. विषय क्रीडाविभागाचा वाटेल, पण तो माझ्याकडे आला पखवाजाच्या वाटेने.

प्रथम लयीविषयी थोडे. दोन मात्रांमधले अंतर सारखे राहिले की लय निर्माण होते. हे अंतर मोठे असेल तर लय विलंबित, बेताचे असेल तर मध्य आणि अगदी थोडे असेल तर द्रुत. पाश्चात्त्य संगीतात हीच गोष्ट मिनिटाला किती ठोके या आकड्याने सांगतात. त्यासाठी टिकटिक करणारे मेट्रोनोम नावाचे यंत्र असते. त्याचे पेटंट मेल्झेल याने १८१५ मध्ये घेतले. आज तेच यंत्र मोबाइलमध्ये फुकट मिळते आणि हवा तो आकडा लावता येतो. आकडा ६० असला म्हणजे सेकंदाला एक ठोका; १२० असला म्हणजे दोन. एका मात्रेला एक पाऊल टाकले की गाण्याचा आकडा तोच पावलांचा आकडा होतो. गाणे संथ, ५० मात्रांचे असेल, तर एका मात्रेत दोन पावले टाकावीत. तबलजी याला दुगुन म्हणतात. मग पावले १०० होतात आणि गाणे मात्र संथच राहते.

इथे तालाची निवड थोडी महत्त्वाची आहे. आठ मात्रांचा केरवा किंवा भजनी ठेका चालायला सर्वांत सोपा, कारण सम दर वेळी त्याच पायावर येते. सहा मात्रांचा दादराही चालतो. त्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर पाऊल टाकले तर चाल किंचित झुलती होते. सात मात्रांच्या रूपकात गंमत होते. मात्रेगणिक पाऊल टाकले की एकदा सम डाव्या पायावर, पुढच्या वेळी उजव्यावर. वाचकांनी घरच्या घरी करून पाहावे. पाय अडखळत नाहीत, पण मन अडखळते.

कानात ठेका पडला की पाय आपोआप का हलतात? कानाने घेतलेला आवाज मेंदूच्या ज्या भागांत पोचतो, त्यांत हालचालींची आखणी करणारे भागही असतात. ठेका नियमित असेल तर मेंदू पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधतो आणि स्नायू त्या क्षणासाठी आधीच सज्ज होतात. म्हणून आपण ठोका ऐकल्यावर पाऊल टाकत नाही, ठोक्याबरोबरच टाकतो. याचा उपयोग आज उपचारातही होतो. कंपवात म्हणजे पार्किन्सन झालेल्या माणसाची पावले आखूड पडतात, कधी जागीच खिळतात. अमेरिकेतील मायकेल थॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा रोग्यांना तीन आठवडे ठेक्यावर चालण्याचा सराव दिला होता. त्यांचा वेग वाढला आणि पावलाची लांबीही वाढली.

खेळाच्या क्षेत्रात हे त्याहून पुष्कळ आधी लक्षात आले होते. न्यू यॉर्कला तेव्हा सलग सहा दिवस सायकलींची शर्यत चाले. मैदानात बँड वाजत असताना सायकलस्वार अधिक वेगाने जातात, असे लिओनार्ड एअर्स यांनी १९११ मध्ये नोंदवले. बँड वाजताना ताशी १९.६ मैल, बँड बंद असताना १७.९ मैल. इथिओपियाचा धावपटू हेले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला बंदिस्त मैदानावर २००० मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याने आपल्या धावण्याच्या लयीशी जुळणारे एक गाणे मुद्दाम लावून घेतले होते. हे किस्से पुष्कळ ठिकाणी सांगितले जातात आणि ते ऐकायला बरेही वाटतात. पण लयीवर चालण्याचा सर्वांत मोठा प्रयोग पाहायला न्यू यॉर्कला जाण्याची गरज नाही. तो दरवर्षी आपल्याकडे ज्येष्ठ-आषाढात होतो.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, दिवस तीन आठवड्यांच्या आतबाहेर. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. चालणाऱ्यांमध्ये साठी-सत्तरीची माणसे पुष्कळ असतात. त्यांतल्या बहुतेकांनी वारीसाठी म्हणून कसला सराव केलेला नसतो, पायांत साध्या चपला असतात, आणि पुणे ते सासवड हा सर्वांत लांबचा टप्पा दिवे घाट चढून एका दिवसात पार करायचा असतो. ही माणसे तो पार कसा करतात? श्रद्धा हे उत्तर खरेच आहे, पण माझ्या मते ते अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर दिंडीच्या रचनेत आहे. पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंग, विणेकरी, मागे तुळस घेतलेल्या स्त्रिया. कुणीही एकटा आपल्या वेगाने चालत नाही. सगळ्यांच्या पायांना एकच ठेका बांधलेला असतो.

आणि दुसरी गोष्ट अशी की, वारकरी चालताना गातो. याचे महत्त्व मला अगदी अलीकडे कळले. व्यायामाचा जोर ओळखण्याची एक साधी खूण डॉक्टर सांगतात. चालताना बोलता येते आणि गाताही येते, तेव्हा श्रम हलके. बोलता येते पण गाता येत नाही, तेव्हा मध्यम. धड बोलताही येत नाही, तेव्हा जोराचे. आता दिंडीकडे पाहा. गाणे चालू ठेवायचे तर श्वास पुरला पाहिजे, श्वास पुरायचा तर वेग बेताचाच ठेवला पाहिजे. जरा कुणी घाई केली की अभंगाची ओळ तुटते आणि टाळ मागे पडतो. म्हणजे अभंग हा वारकऱ्याच्या वेगाला घातलेला लगामच आहे. कुणाच्याही छातीवर फार ताण येऊ न देता हजारो माणसांना तीन आठवडे चालवत नेण्याची ही युक्ती कुणी ठरवून शोधली असेल असे नाही. ती चालता चालता जमून आली असावी. मधूनच पावली होते, रिंगण होते, वेळापूरजवळ 'धावा' म्हणजे सगळ्यांचे पळणे होते. त्या वेळी श्रम एकदम वाढतात. पण ते थोडा वेळ, आणि पुन्हा चाल मूळ लयीवर येते. व्यायामशाळेत हल्ली अंतराअंतराने जोर वाढवण्याचे जे शास्त्र शिकवतात, त्याची इथे आठवण होते.

या सगळ्याचा विचार मला करावा लागला तो आमच्या घरातल्या एका अडचणीमुळे.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनवर काम करतात आणि एकादशीला, सप्ताहाला भजनात पखवाज वाजवतात. तरुणपणी त्यांनी कर्जत लोकलच्या डब्यातही भजन केले आहे. गेल्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाण्यापिण्याचा कागद दिला आणि त्यावर खाली इंग्रजीत लिहिले, 'ब्रिस्क वॉक, तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस'. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे बँकेचा अर्ज असो, विजेचे बिल असो की औषधाची चिठ्ठी, ती माझ्यापुढे येते. मी सांगितले, "ब्रिस्क म्हणजे भरभर." अण्णा म्हणाले, "भरभर म्हणजे किती? लोकल पकडायला धावतो तितके, की दवाखान्यात आलो तितके?" शब्दकोशात याचे उत्तर नव्हते. डॉक्टरांच्या दारात इतकी गर्दी होती की एवढ्यासाठी पुन्हा आत जाणे अण्णांना प्रशस्त वाटेना.

ते आपल्या समजुतीने चालू लागले. घरडा सर्कलजवळच्या क्रीडासंकुलात रोज सकाळी अर्धा तास. (या संकुलाला सावळाराम महाराज म्हात्रे यांचे, म्हणजे एका वारकरी कीर्तनकाराचे नाव आहे. खेळाच्या मैदानाला कीर्तनकाराचे नाव हा मला आधी योगायोग वाटत असे. आता तितकासा वाटत नाही.) एके दिवशी मी बरोबर गेले आणि घड्याळ लावून त्यांची पावले मोजली. पंधरा सेकंदांत २१, म्हणजे मिनिटाला ८४. अण्णा तोंडाने अभंग गुणगुणत होते आणि घामाचा टिपूसही नव्हता. ते दिंडीच्या चालीने चालत होते! वर सांगितलेली खूण मी नंतर वाचली, तेव्हा उलगडा झाला. ज्या लयीत गाता येते, त्या लयीत श्रम हलकेच राहतात. पंढरपूरला पोचायला ती चाल उत्तम. डॉक्टरांना हवी होती ती वेगळी.

किती वेगळी, याचेही उत्तर मिळाले. प्रौढ माणसांवर झालेल्या पुष्कळ अभ्यासांतून असे दिसते की, मिनिटाला सुमारे १०० पावले पडू लागली की चालणे मध्यम श्रमाचे होते आणि सुमारे १३० ला ते जोराचे होते. हे आकडे ढोबळ आहेत. उंच माणसाला थोडी कमी पावले पुरतात, ठेंगण्याला थोडी जास्त लागतात, आणि वयाप्रमाणेही फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रम करायला सांगते. चिठ्ठीवरची तीस मिनिटे आणि पाच दिवस यांचा गुणाकार तोच होतो.

मग मी मोबाइलवर मेट्रोनोमचा आकडा १०० ला लावला आणि अण्णांपुढे ठेवला. त्यांनी दोन-तीन ठोके ऐकले, मांडीवर बोटे वाजवून पाहिली आणि म्हणाले, "अगं, ही तर गजराची लय!" भजन ऐकणाऱ्यांना हे सांगायला नको. अभंग संपत आला की नामाचा गजर सुरू होतो, ठेका चढतो, टाळकरी उभे राहतात; ती ही लय. जो शब्द मला तासभर इंग्रजीतून मराठीत आणता येईना, तो अण्णांनी पखवाजातून आणला. ब्रिस्क म्हणजे गजराच्या लयीत. आमच्या घरापुरते हे भाषांतर कायम झाले.

पुढचे काम सोपे होते. अण्णांनी पखवाजावर भजनी ठेका वाजवला, मी टाळ धरला आणि समोर मेट्रोनोमचा दिवा लुकलुकत ठेवून आम्ही ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. सुरुवातीची पाच मिनिटे ८४, म्हणजे त्यांची नेहमीची चाल. नंतर पायरी पायरीने ८८, ९२, ९६ आणि मग १०० वर वीस मिनिटे. शेवटी पुन्हा उतरत ८० पर्यंत. पहिल्या दिवसापासून १०० वर जाऊ नये असे माझे मत आहे. माणसाची स्वतःची एक लय असते आणि ठेका तिच्या जवळपास असेल तरच पाय त्याला धरतात. फार पुढे गेला तर पाय त्याचा नाद सोडून देतात. आम्ही १०० वर वीस मिनिटे टिकायला जवळजवळ महिना घेतला. त्या लयीत अण्णा माझ्याशी बोलू शकतात, पण अभंगाची ओळ धरली की मध्येच श्वास घ्यावा लागतो. म्हणजे खूण बरोबर जुळते. त्यांना ते प्रथम आवडले नाही. "देवाचे नाव तोडायला लावतेस," असे ते म्हणाले. आता ते मनात म्हणतात.

अण्णांची साखर किती उतरली हे मी इथे लिहीत नाही. गोळ्या, आहार आणि चालणे ही तिन्ही एकदम चालू असताना श्रेय पखवाजाला देणे हा पखवाजाचाही अपमान होईल. मात्र एक गोष्ट निश्चित सांगता येते. पूर्वी 'झाला का अर्धा तास' म्हणून ते सारखे घड्याळ पाहत. आता ठेका संपतो तेव्हा अर्धा तास झालेला असतो. संगीतामुळे थकव्याकडचे लक्ष उडते हे अभ्यासकांनीही सांगितले आहे. पण हा फायदा हलक्या आणि मध्यम श्रमापुरता. अगदी दम लागेपर्यंत धावताना छातीतले ठोके कानातल्या ठोक्यांवर मात करतात आणि तिथे कोणतेही गाणे श्रम कमी वाटू देत नाही.

ज्यांना पखवाज जवळचा नाही त्यांनी स्वतःला आवडणारे गाणे घ्यावे, पंधरा सेकंदांत त्याचे ठोके मोजावे आणि चारने गुणावे. २५ आले की काम झाले. नाचाची गाणी पुष्कळदा १२० च्या आसपास असतात. ती सैन्याच्या 'तेज चाल'ची लय आहे. आमच्या एन.सी.सी.च्या मैत्रिणी मेट्रोनोमशिवाय ती अचूक धरतात, कारण कवायतीत ती अंगात मुरलेली असते. तीस इंची पाऊल धरले तर १२० पावलांत मिनिटाला शंभर यार्ड, म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटर होतात. नुसते शंभर पावलांवर चालणाऱ्याचे पाऊल आखूड असेल तर तासाला चार किलोमीटरही होणार नाहीत. म्हणून ठेका हा पावलांची संख्या सांभाळतो, लांबी नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्याकडे लेझीम आहे. शाळेत आपण सगळ्यांनी ती कधी ना कधी हातात घेतलेली आहे. हलगी किंवा ढोल जसा चढतो तसे वाकणे, उठणे, पुढे सरणे जलद होते. व्यायामाचा जोर वाजवणाऱ्याच्या हातात असतो. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली. त्या यात्रेत फडके रोडवर लेझीम-पथकाच्या मागे चालून पाहिले तर कळते की, मिरवणूक संथ असली तरी पथकातली मुलगी चालत नसते, ती कष्टत असते. पाय हळू, हात-कंबर दुप्पट. याच्या नेमके उलट माझ्या आजीच्या जात्याचे. तिथे ओवी जात्याला हाकत नव्हती, जातेच ओवीला हाकत होते. दाणे जाड असले की फेरा जड, आणि ओवीही लांबत असे, असे आजी सांगते. लय नेहमी गाण्याकडूनच येते असे नाही, कामाकडूनही येते.

आता जिथे हे जमत नाही ते सांगते. चढावर जमत नाही. ठाण्याला येऊरच्या रस्त्यावर १०० चा ठेका लावून मी चढून पाहिले. सपाटीवर जे मध्यम होते ते तिथे पाच मिनिटांत जोराचे होते. चढावर ठेका उतरवावा किंवा बंद करावा आणि श्वासाचे ऐकावे. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी गर्दीत कुणाचीच लय टिकत नाही. तिथे पहाटे जावे. आणि स्टेशनच्या पुलावर तर लय आपली नसतेच. डोंबिवलीला सकाळी आठच्या सुमारास पुलावर पाऊल ठेवले की पुढच्या माणसाची टाच हाच ठेका. हजार माणसे न ठरवता एका लयीत चालतात, कारण दुसऱ्या लयीला जागाच नसते.

रुळांच्या आसपास मात्र कानात काही घालू नये. आपल्या या पट्ट्यात रूळ ओलांडणारी माणसे रोज दिसतात, आणि कान बंद असलेल्याला गाडीचा भोंगा ऐकू येत नाही. रस्त्यावरही तेच. अण्णा मोबाइल सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि आवाज मोकळा सोडतात. त्यामुळे क्रीडासंकुलात त्यांच्या मागून चालणारी दोन-चार माणसेही आता गजराच्या लयीत असतात. त्यांच्यातल्या एका आजोबांनी परवा विचारले, "शेवटी ठेका उतरवता तो जरा लवकर उतरवता येईल का?" अण्णांनी त्यांच्यासाठी वेगळा ठेका वाजवून द्यायचे कबूल केले आहे, ९२ चा.